ओपन वॉटर सर्टिफिकेट आहे, पाण्याखालच्या गुहेत जावं का?

पारिजात_माहीम (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. विषय जरा आडवाटेचा आहे, पण इथे डायव्हिंग करणारे बरेच जण आहेत म्हणून थेट विचारते.

माझा भाचा (वय २४, नोकरी बीकेसीत) गेल्या हिवाळ्यात अंदमानात हॅवलॉकला जाऊन ओपन वॉटरचा (स्कूबा डायव्हिंगचा सुरुवातीचा) कोर्स करून आला. पाण्याची भीती त्याला कधीच नव्हती, लहानपणापासून शिवाजी पार्कच्या तरण तलावात असायचा. आता डिसेंबरात मित्रांबरोबर मेक्सिकोला निघालाय. तिथे युकातान भागात चुनखडीच्या जमिनीखाली पाण्याने भरलेल्या गुहा आहेत, त्यांना सेनोटे म्हणतात. तिथल्या एका डाइव्ह शॉपने त्याला कळवलंय की ओपन वॉटर पुरे आहे, ही काही गुहा नाही, कॅव्हर्न आहे, उजेड कायम दिसत राहतो, काळजीचं कारण नाही.

बहिणीचा जीव टांगणीला लागलाय. घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो 'अजिबात जायचं नाही', दुसरा म्हणतो 'जाऊ दे गं, तरुण आहे, काही होत नाही'. मला दोन्हीतलं काही पटत नाही. 'जाऊ नको' म्हटलं तर तो न सांगता जाईल. 'जा' म्हणायला मला आधी समजून घ्यायचंय की उजेड दिसतो म्हणजे नक्की किती सुरक्षित, आणि त्याने आधी काही शिकायला हवं का. ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा, मी सगळं त्याला वाचायला देणार आहे.

अर्धा_चहा

वाचतोय. चांगला धागा.

डोंगरवेडा

ताई, एवढं घाबरू नका. हजारो पर्यटक दरवर्षी सेनोटेत डाइव्ह करून येतात. सोबत गाइड असतो. आजकाल प्रत्येक गोष्टीला कोर्स, प्रत्येक कोर्सला फी. आम्ही सांधण दरीत, हरिश्चंद्रगडावर फिरलो तेव्हा कोणाचं सर्टिफिकेट होतं? अनुभवी माणूस सोबत असला आणि त्याचं ऐकलं की झालं. पोराला जाऊ द्या.

कातळशिल्प

पारिजातताई, प्रश्न वेळेवर विचारलात. मी कॅव्हर्नचा कोर्स केलाय, त्यामुळे जरा लांब लिहितो.

आधी व्याख्या. कॅव्हर्न म्हणजे गुहेच्या तोंडाजवळचा तो भाग जिथून बाहेरचा सूर्यप्रकाश थेट दिसतो. त्यालाही अंतराची मर्यादा आहे. गुहा-डायव्हिंगच्या संस्था पृष्ठभागापासून एकूण ६० मीटर (२०० फूट) धरतात, पॅडी (डायव्हिंगचे कोर्स आणि सर्टिफिकेट देणारी संस्था) त्याहून कडक आहे, खोली आणि आडवं अंतर मिळून ४० मीटर. दोन माणसं शेजारी शेजारी जाऊ शकणार नाहीत अशा अरुंद जागेत शिरायचं नाही, आणि डीकंप्रेशनचे थांबे (वर येताना मध्ये ठरावीक वेळ थांबणं) घ्यावे लागतील अशी डाइव्ह करायची नाही. हे सगळं पाळलं तर ती कॅव्हर्न. उजेड दिसेनासा झाला की तुम्ही गुहेत आहात, मग शॉपवाला काहीही म्हणो. ढग आले, संध्याकाळ झाली, तरी तीच जागा कॅव्हर्नची गुहा होते.

आता डोंगरवेडांचा मुद्दा. ओपन वॉटर कोर्समध्ये संकटात काय करायचं म्हणून जे जे शिकवतात ते शेवटी एकाच दिशेला जातं: वर. हवा संपली, जोडीदार सापडेना, भीती वाटली, मास्क फुटला, सगळ्याचं उत्तर हळूहळू श्वास सोडत वर. ओपन वॉटरवाल्याला १८ मीटर खोलीची मर्यादा आहे ती त्यासाठीही. डोक्यावर दगडाचं छत आलं की हे उत्तर बाद होतं. आता आधी आडवं, आल्या वाटेने, उघड्या पाण्यापर्यंत जायचं, आणि मग वर. ते आडवं जाणं अंधारात, गाळात, एका सिलिंडरवर दोघांनी श्वास घेत करायला लागलं तर कसं करायचं, हे ओपन वॉटरमध्ये शिकवतच नाहीत. भाचा कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी जे शिकवलंच नाही ते त्याला येणार कुठून?

अर्धा_चहा

म्हणजे विरार फास्टमध्ये आत ढकलले गेलो आणि बोरिवलीला उतरायचं होतं, तसं?

कातळशिल्प

अगदी तसंच. दार दिसत असतं, पण तिथपर्यंत पोचायची तयारी आधीच्या स्टेशनपासून करावी लागते.

सोनकी

मी केलीय ही डाइव्ह. तुलुमजवळ डोस ओहोस नावाचा सेनोटे आहे. तिथे पर्यटकांसाठी दोन ठरलेल्या वाटा आहेत, एकीला बार्बी लाइन म्हणतात, दुसरीला बॅट केव्ह लाइन. खोली फार नाही, दहाएक मीटरच्या आतच. पाणी इतकं नितळ की आपण हवेत तरंगतोय असं वाटतं, छतावरून चुनखडीचे लोंबते स्तंभ, आणि मध्ये एखाद्या भोकातून उन्हाचा तिरका पट्टा थेट तळापर्यंत. मी आयुष्यात याहून सुंदर काही पाहिलेलं नाही, हे आधी सांगते.

पण आमचा गाइड किती काटेकोर होता तेही सांगते. त्याच्या पाठीवर दोन सिलिंडर, आमच्या एकेक. एका गाइडमागे चारच डायव्हर, ही तिथली पद्धत आहे. गाइड स्वतः पूर्ण गुहा-डायव्हिंगचा प्रशिक्षित असावा लागतो. पाण्यात शिरायच्या आधी त्याने जवळजवळ पाऊण तास नुसतं समजावलं. स्नॉर्केल काढून ठेवायला लावले, कारण ते दोरीत अडकतात. हातमोजे नाहीत, चाकू नाही. प्रत्येकाकडे टॉर्च. संपूर्ण वाटेवर कायमची बांधलेली दोरी होती आणि ती नजरेआड होऊ द्यायची नाही असा हुकूम. आमच्या गटातल्या एकाला उथळ पाण्यात स्थिर राहताच येईना, सारखा वर-खाली. गाइडने त्याला बाहेरच्या खुल्या भागातूनच परत पाठवलं. पैसे भरलेत वगैरे काही ऐकून घेतलं नाही.

तेव्हा ओपन वॉटर असताना गाइडबरोबर जाता येतं, हे खरं. गाइड कोण आहे यावर सगळं आहे, हेही तेवढंच खरं.

रेवा_पार्ले

सोनकी, इथे मी असहमत. गाइड चांगला निघाला हे तुमचं सुदैव. पण शिकलेला नसलेला माणूस सगळा जीव दुसऱ्याच्या भरवशावर ठेवून आत जातो, हेच मला मान्य नाही. आत गेल्यावर गाइडलाच काही झालं तर? चार जणांपैकी एकालाही दोरी धरून बाहेर कसं यायचं हे माहीत नाही. पारिजात, माझं स्पष्ट मत: कॅव्हर्नचा कोर्स केल्याशिवाय नको. फ्लोरिडात आणि मेक्सिकोत गुहांच्या तोंडाशी यमदूताचं चित्र असलेली पाटी लावलेली असते. इथून पुढे जाऊ नका, आणि अशाच गुहांमध्ये ३०० हून अधिक डायव्हर मेलेत, त्यांत ओपन वॉटरचे इन्स्ट्रक्टरही होते, असं त्यावर लिहिलेलं असतं. इन्स्ट्रक्टर! शिकवणारे! मग शिकून वर्ष न झालेल्या मुलाचं काय?

डोंगरवेडा

थायलंडच्या गुहेत अडकलेल्या त्या मुलांना तर डायव्हिंग अजिबात येत नव्हतं. तरी सगळी सुखरूप बाहेर आली की.

बंदरातला_पोरगा

दादा, ते उदाहरण उलट बाजूने वाचा. थाम लुआंगमध्ये २३ जून २०१८ ला बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले. २ जुलैला रिक स्टॅन्टन आणि जॉन व्होलान्थन या दोन ब्रिटिश गुहा-डायव्हरांना ते सापडले. बाहेर काढलं ८ ते १० जुलैला. मुलं पोहून आली नाहीत, रिचर्ड हॅरिस नावाच्या ऑस्ट्रेलियन भूलतज्ज्ञाने त्यांना भूल दिली, तोंडावर पूर्ण मास्क बांधला आणि जगातल्या मोजक्या अनुभवी गुहा-डायव्हरांनी एकेकाला हातात धरून आणलं. भूल दिली कारण शुद्धीवर असलेलं मूल पाण्याखालच्या अंधारात घाबरणार आणि स्वतःसोबत डायव्हरलाही नेणार, याची सगळ्यांना खात्री होती. आणि समान कुनान गेले ना. थाई नौदलाचे माजी सील कमांडो, तगडा माणूस. आत सिलिंडर पोचवून परतताना ६ जुलैला गेले.

अवांतर: तिथलं पाणी उपसायला आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचीही माणसं गेली होती, भारतीय दूतावासाच्या शिफारशीवरून. महाराष्ट्राने अभिमान बाळगावा अशी गोष्ट.

अवली_मालवणी

स्कूबा म्हटला की आमका तारकर्लीच आठवता. गाइड पोटऱ्यांका धरून खाली नेता, सिंधुदुर्गाच्या जवळ मासे दाखवता, फोटो काढता, वर आणता. मजा येता. नंतर मालवणात सुरमई थाळी. पण एक सांगतंय, तेका लोक 'मी स्कूबा केलंय' म्हणतत आणि मग हय-थय मोठ्या डाइव्हका जाऊक बघतत. तो फक्त अनुभव असा, प्रशिक्षण न्हय.

अर्धा_चहा

थाळीचा पत्ता व्यनि करा.

गणिती

'तिसऱ्या हिश्शाचा नियम' असं काहीतरी ऐकलं होतं. कोणी आकड्यांत सांगेल का? तिसराच हिस्सा का, निम्मा का नाही?

कातळशिल्प

गणिती, या धाग्यावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून नीट मांडतो.

नियम असा: एक तृतीयांश हवा आत जायला, एक तृतीयांश बाहेर यायला, एक तृतीयांश राखीव. ११ लिटरचा सिलिंडर २०० बारला (बार हे दाबाचं माप) भरला तर त्यात साधारण २२०० लिटर हवा. तिसरा हिस्सा ६६ बार, हिशेबाला सोपा म्हणून खाली ६० धरू. म्हणजे गेज (सिलिंडरचा दाब दाखवणारा काटा) १४० वर आला की मागे फिरायचं, समोर कितीही सुंदर काही दिसत असलं तरी. ६० बार म्हणजे ६६० लिटर. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागणाऱ्या माणसाला १० मीटरवर दाब दुप्पट म्हणून ४० लिटर लागतात. म्हणजे आत जायला जेमतेम सोळा मिनिटं. २० मीटरवर दाब तिप्पट, तेव्हा फक्त अकरा. नवखा माणूस उत्साहात किंवा घाबरून दुप्पट श्वास घेतो, त्याचे तिथे साडेपाचच होतात.

आता निम्मा का नाही. समजा तुम्ही दोघं सगळ्यात आतल्या टोकाला आहात आणि त्याच क्षणी जोडीदाराचा रेग्युलेटर (सिलिंडरमधून श्वास घ्यायचं उपकरण) बिघडून त्याची सगळी हवा गेली. आता दोघांनी तुमच्या सिलिंडरवर बाहेर यायचंय. एक हिस्सा तुमच्या परतीचा, राखीव हिस्सा त्याच्या परतीचा. शिल्लक बरोबर शून्य. म्हणजे तिसरा हिस्सा ही चैन नाही, तो किमान आहे, आणि त्यात घाबरल्यामुळे वाढलेला श्वास, गाळ उठल्यामुळे झालेला उशीर, यातलं काहीही धरलेलं नाही. म्हणून नवख्याने तिसऱ्या हिश्शाच्याही आधी वळावं. पाणी बाहेरच्या दिशेने वाहत असेल तर परत येणं सोपं, पण आत ओढणारा प्रवाह असेल तर तिसरा हिस्साही पुरत नाही. आणि गटात ज्याचा गेज सगळ्यात आधी वळायच्या आकड्यावर येईल, त्याच्यासोबत सगळे वळतात.

समुद्रात आपल्याला ५० बार घेऊन बोटीवर यायची सवय असते. तीच सवय डोक्यात घेऊन छताखाली गेलं की माणूस जातो.

गणिती

समजलं. 'शिल्लक बरोबर शून्य' वाचून मनातल्या मनात परत मोजलं. धन्यवाद.

डॉ_हिरवा_चाफा

मी मुलुंडला कान-नाक-घशाची प्रॅक्टिस करते, डायव्हर पेशंट अधूनमधून येतात. दोन गोष्टी सांगायच्यात.

पहिली भीतीबद्दल. माणूस घाबरला की उथळ आणि भराभर श्वास घेतो. आत घेतलेली हवा फुप्फुसात नीट फिरतच नाही, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि हवा कमी पडतेय ही भावना त्या साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळेच येते. म्हणजे सिलिंडर भरलेला असतानाही माणसाला गुदमरल्यासारखं वाटतं, मग तो अजून भराभर श्वास घेतो. उघड्या पाण्यात अशा वेळी वर जाता येतं. गुहेत यावर एकच उपाय: थांबा, काहीतरी धरा, आणि श्वास *सोडण्यावर* लक्ष द्या, लांब आणि पूर्ण. हे बिछान्यावर पडून सांगायला सोपं आहे, पाण्याखाली सराव केल्याशिवाय होत नाही.

दुसरी कानांची. सर्दी असेल तर गुहेत मुळीच जायचं नाही. गुहेची वाट वर-खाली होत जाते, प्रत्येक चढ-उताराला कान समतोल करावे लागतात. वर येताना सायनस अडकला तर समुद्रात जरा खाली जाऊन परत सावकाश येता येतं, गुहेत छत सांगेल त्याच उंचीवरून जावं लागतं. नाक मोकळं करणारं औषध घेऊन डाइव्ह करू नका, त्याचा परिणाम मधेच उतरला तर पंचाईत. दम्याचा इतिहास असेल तर तो फॉर्मवर खरा लिहा. आणि विमानप्रवास: लागोपाठ काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास थांबा. भाच्याचं परतीचं विमान बघा.

बंदरातला_पोरगा

दोरीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

माझे बाबा मुंबई बंदरात पाणबुडे होते. आता निवृत्त आहेत. जहाजाच्या तळाखाली जाऊन पंख्यात अडकलेला दोर कापायचा, तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, अशी कामं. आपल्या बंदराच्या पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही, सगळं चाचपून. वर जहाजाचा पोलादी तळ, म्हणजे तेही छताखालचंच काम. बाबांच्या कमरेला दोर असायचा आणि त्याचं दुसरं टोक बोटीत बसलेल्या एका माणसाच्या मुठीत. त्या माणसाने दुसरं काहीही करायचं नाही. गप्पा नाहीत, विडी नाही, चहाचा कप एका हातात धरून दोर दुसऱ्या हातात असलंही नाही. बोटांना दोराची ताण-ढील कळली पाहिजे. ठरलेले झटके द्यायचे, खालून उत्तर आलं नाही तर ओढायला सुरुवात. बाबा घरी आले की आई आधी त्या काकांची चौकशी करायची, बरे आहेत ना, उद्या येणार आहेत ना. तिला माहीत होतं की तो दोर कोणाच्या हातात आहे.

मी बाबांना हा धागा वाचून दाखवला. त्यांनी एकच विचारलं, 'गुहेत दोराचं दुसरं टोक कोण धरतं?' कोणीच नाही. म्हणजे दोर बांधणं, तो ताणलेला ठेवणं, त्याच्याजवळ राहणं, सगळं डायव्हरने स्वतः करायचं. ते शिकल्याशिवाय जाऊ नये, असं बाबांचं मत आहे.

कातळशिल्प

काकांना नमस्कार सांगा. अगदी नेमका प्रश्न विचारलाय त्यांनी.

आमच्या कोर्सचा पहिला दिवस जमिनीवरच गेला. रीलवर गुंडाळलेल्या दोरीची पहिली गाठ उघड्या पाण्यात, जिथून सरळ वर जाता येईल अशा ठिकाणी. दुसरी गाठ गुहेच्या तोंडाच्या थोडं आत. मग वाटेत दगडांना वळसे देत दोरी ताणलेली ठेवत जायचं, ढिली दोरी पायात अडकते. हे सगळं आम्ही आधी झाडांच्या बुंध्यांना दोरी बांधून केलं. मग डोळे मिटून त्या दोरीवरून बाहेर यायचं. अंगठा आणि तर्जनीचं कडं करून दोरी त्यात सोडायची, घट्ट धरून ओढायची नाही, ओढली तर ती भलत्याच फटीत जाऊन बसते. दुसऱ्या हाताने पुढच्या माणसाचा दंड धरायचा. पुढे ढकललं म्हणजे चला, दाबलं म्हणजे थांबा, मागे ओढलं म्हणजे मागे या. अंधारात बोलायची एवढीच भाषा. उजेड असेल तर टॉर्चची: जमिनीवर वर्तुळ काढलं म्हणजे ठीक, भराभर आडवा हलवला म्हणजे संकट.

गाळ हे खरं कारण. तळाशी पिठासारखा बारीक गाळ असतो. सरळ पाय मारत पोहलं तर एका फटकाऱ्यात तो वर येतो आणि टॉर्चचा उजेड स्वतःच्या पंजापर्यंत पोचत नाही. सूर्यप्रकाशही तेव्हा दिसत नाही! 'उजेड कायम दिसतो' म्हणणाऱ्या शॉपला हा प्रश्न जरूर विचारा. म्हणून गुडघे वाकवून बेडकासारखे पाय मारायला शिकवतात, म्हणून शरीर आडवं आणि स्थिर ठेवायला शिकवतात. सोनकींच्या गटातल्या त्या माणसाला गाइडने परत पाठवलं ते याचसाठी. काही ठिकाणी तर नुसत्या बुडबुड्यांनी छताचा चुरा खाली पडतो.

हे नियम कोणाच्या डोक्यातून निघालेले नाहीत. शेक एक्सली या अमेरिकन गुहा-डायव्हरने १९७० च्या दशकात गुहांमधल्या मृत्यूंचा एकेक करून अभ्यास केला आणि माणसं नेमकी कशाने जातात ते काढलं. सलग दोरी नाही, हवा राखली नाही, फार खोल गेले. प्रशिक्षण नाही आणि दिवे पुरेसे नव्हते, ही कारणं पुढे त्यात जोडली गेली. आजचे सगळे कोर्स त्याच पायावर उभे आहेत. तो स्वतः १९९४ मध्ये मेक्सिकोतल्या झाकातोन इथे अतिखोल डाइव्हमध्ये गेला.

डोंगरवेडा

तेच म्हणतोय मी. नियम लिहिणारा गेला, म्हणजे नियम पाळूनही जातातच. मग एवढा खर्च कशाला?

रेवा_पार्ले

एक्सली जागतिक विक्रमाच्या खोलीवर होता. भाचा दहा मीटरवर जाणार आहे. तिथले मृत्यू टाळता येण्यासारखे असतात म्हणून तर शिकायचं.

सोनकी

डोंगरवेडा, २०१७ मध्ये मायोर्का बेटावर शिस्को ग्रासिया नावाचा भूगर्भशास्त्राचा शिक्षक पाण्याखालच्या गुहेत दोरी हरवल्यामुळे अडकला. तो आणि त्याचा जोडीदार गुहेतल्या हवेच्या एका पोकळीत पोचले. हवा एकालाच बाहेर जायला पुरेल एवढी होती. जोडीदार गेला, हा थांबला, अंधारात, कार्बन डायऑक्साइडने डोकं ठणकत, तब्बल साठ तास. शेवटी बाहेर काढला. ती पोकळी कुठे आहे हे त्याला आधीपासून माहीत होतं, श्वास सावकाश कोण घेतो हेही माहीत होतं, म्हणून निर्णय घेता आला. दोघंही वाचले. शिकलेला माणूस अडकतो, कबूल. पण शिकलेल्याला अडकल्यावर पुढे काय करायचं ते सुचतं.

डोंगरवेडा

ही गोष्ट मला माहीत नव्हती. शोधून वाचतो. कोर्सला माझा विरोध नाही हो, कोर्सचा धंदा झालाय याला आहे.

कातळशिल्प

धंदा झालाय हे मान्य. म्हणूनच कोर्सपेक्षा शिकवणारा बघा. जो इन्स्ट्रक्टर 'सगळ्यांना पास करतो' म्हणून नावाजला जातो त्याच्याकडे जाऊ नका. कॅव्हर्नचा कोर्स म्हणजे पूर्ण गुहेचा परवानाही नाही, त्यापुढे प्राथमिक गुहा आणि मग पूर्ण गुहा असे वेगळे टप्पे आहेत.

अर्धा_चहा

इजिप्तच्या त्या निळ्या खड्ड्याबद्दल कोणीतरी लिहा ना. तिथेही उजेड असतो म्हणतात.

बंदरातला_पोरगा

दहाबचा ब्लू होल. ५० मीटरहून खोल एक कमान आहे, तिच्यातून बाहेरच्या समुद्राचा निळा उजेड दिसतो. पाणी स्वच्छ असल्याने कमान जवळ आणि छोटी वाटते, माणूस एका सिलिंडरवर तिच्याकडे निघतो. त्या खोलीवर नायट्रोजनची धुंदी चढलेली असते आणि हवा पृष्ठभागाच्या सहापट वेगाने संपत असते. किनाऱ्यावरच्या कड्यावर गेलेल्यांच्या नावाच्या पाट्या आहेत. ओळीने. उजेड दिसत होताच त्यांना.

पारिजात_माहीम

सगळ्यांचे मनापासून आभार. भाच्याने पूर्ण धागा वाचला, बहिणीने तर दोनदा. बंदरातल्या काकांचा प्रश्न ऐकून तो बराच वेळ काही बोलला नाही.

त्याने दोन शॉपना एकच ईमेल पाठवला. एका गाइडमागे किती जण? गाइडकडे पूर्ण गुहेचं सर्टिफिकेट आहे का, त्याचा फोटो पाठवाल का? कायमची दोरी आहे का? किती बारला वळता? स्थिर राहता आलं नाही तर परत पाठवता का? पहिल्या शॉपने (ज्याने 'काळजीचं कारण नाही' लिहिलं होतं) उत्तर दिलं की 'आमचे गाइड खूप अनुभवी आहेत', आणि लगेच सवलतीचा दर कळवला. दुसऱ्याने प्रत्येक प्रश्नाला नेमकं उत्तर दिलं, शिवाय उलट विचारलं की शेवटची डाइव्ह कधी केली होती, आणि आधी समुद्रात एक सरावाची डाइव्ह आमच्यासोबत कर, मग ठरवू.

आता त्याच्यापुढे दोन पर्याय आहेत. गाइडबरोबरची उथळ डाइव्ह, की थेट कॅव्हर्नचा कोर्स? तिथे हाताशी आठवडा आहे.

रेवा_पार्ले

दुसरं शॉप. यावर चर्चाच नको. आणि कोर्स.

कातळशिल्प

दुसरं शॉप, शंभर टक्के. पण कोर्स आत्ता जमणार नाही, पॅडीच्या कॅव्हर्न कोर्सला आधी अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर लागतं आणि ते त्याच्याकडे नाही. एका आठवड्यात दोन्ही कोंबू नये. या खेपेला सरावाची डाइव्ह, आणि ती नीट झाली व गाइड हो म्हणाला तरच उथळ सेनोटे. खोल सेनोटे दाखवायला नेतो म्हणाले तर नाही म्हणायचं. आणि त्याला हे सांगा: अंगठा वर केला की डाइव्ह संपली, कोणीही, कधीही, कारण न देता. गाइडही त्यावर प्रश्न विचारत नाही. इतरांचे पैसे वाया जातील म्हणून संकोच करायचा नाही.

रेवाताई, तुमचं मत मला पटतं, पण तो शहाणपणाने प्रश्न विचारणारा मुलगा दिसतो. पुढच्या वर्षी शिकूनच जाईल.

रेवा_पार्ले

मी माझ्या मतावर ठाम आहे. पण निदान ईमेल वाचून जरा बरं वाटलं.

डॉ_हिरवा_चाफा

विमाही बघा. साध्या प्रवास-विम्यात डायव्हिंग कित्येकदा वगळलेलं असतं, किंवा सर्टिफिकेटच्या मर्यादेपर्यंतच धरतात. छताखालच्या डाइव्हबद्दल लेखी विचारा. डायव्हरांसाठी डॅनचा (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेचा) वेगळा विमा मिळतो.

पारिजात_माहीम

विमा लक्षातच आला नव्हता, आजच विचारायला सांगते. शेवटचा प्रश्न: डिसेंबरपर्यंत इथे मुंबईत काय सराव करता येईल? आपल्या समुद्रात तर काही दिसत नाही.

कातळशिल्प

समुद्र नको, तलाव पुरे. शहरात डायव्हिंग शिकवणारे तलाव भाड्याने घेऊन सराव घेतात, त्यांच्याकडे उजळणीचं एक सत्र मागा. त्यात तीनच गोष्टी करा म्हणावं. तळापासून हातभर वर, आडवं, हात-पाय न हलवता पाच मिनिटं राहायचं, फक्त श्वासावर. उथळ पाण्यात हे जास्त कठीण असतं आणि सेनोटे उथळच आहे. दुसरं, तशाच स्थितीत मास्क पूर्ण काढून परत घालायचा, वर न येता. तिसरं, बेडकाचे पाय, तळाशी काही हलणार नाही असे. हे इन्स्ट्रक्टर पाण्यात असतानाच, एकट्याने नाही.

अवली_मालवणी

आणि परत इल्यार मालवणाक धाडा. थाळी माझ्याकडना.